घरगुती संगीतरचना आणि साधनांचा विवेक

काही वर्षांच्या खंडानंतर संगीतरचनेकडे परतणाऱ्या माणसासमोर आज पहिला प्रश्न उभा राहतो तो चालीचा किंवा रागाचा नव्हे, तर सॉफ्टवेअरचा. घरच्या टेबलावरील संगणक हेच आता ध्वनिमुद्रणालय, वादकांचा ताफा आणि संपादकाची खोली झाले आहे. ही तिन्ही कामे करणारी अनेक सॉफ्टवेअर आणि त्यांना जोडून चालणारी असंख्य प्लगइन बाजारात आहेत. प्लगइन म्हणजे मुख्य सॉफ्टवेअरच्या आश्रयाने चालणारा लहान प्रोग्रॅम. कधी तो एखादे वाद्य असतो, तर कधी ध्वनीवर संस्कार करणारे उपकरण. या साधनांच्या निवडीसंबंधी जे लिहिले जाते ते बहुधा ग्राहकास सल्ला देण्याच्या भूमिकेतून. ते निरुपयोगी आहे असे म्हणावयाचे नाही. परंतु वाद्याची निवड हा जसा निव्वळ खरेदीचा प्रश्न कधीच नव्हता, तसा हाही नाही. प्रत्येक साधन आपल्याबरोबर संगीताविषयीची काही गृहीते घेऊन येते. ती कोणती, आणि हाती घेतलेल्या संगीतास ती कितपत मानवतात, हे पाहणे समीक्षेच्या कक्षेत येते असे प्रस्तुत लेखकास वाटते.

या मतामागे एक चूक आहे. ती आधी सांगितली पाहिजे. २००९ साली प्रस्तुत लेखकाने आपल्या वृद्ध मावशीकडून जात्यावरच्या बावीस ओव्या ध्वनिमुद्रित केल्या. घरी जाते होते, आणि दळत असतानाच गाण्याचा तिचा आग्रह होता. नुसत्या बसून तिला ओव्या आठवत नसत. पुढे या ओव्यांना तंबोरा, मंद ठेका आणि बासरीची साथ द्यावी असे मनात आले. त्यासाठी सॉफ्टवेअरमध्ये गती निश्चित केली, मावशीचा आवाज ओळीओळीने कापला, आणि प्रत्येक ओळ मात्रेच्या रेघेवर नेमकी बसविली. त्या वेळी हे काम मोठ्या कौशल्याचे वाटले होते. नंतर नोकरीची बदली झाली, संगणक बांधून ठेवला गेला, आणि तो विषय तेथेच राहिला. २०२४ साली जुनी फाइल नव्या संगणकावर उघडली तेव्हा ठेका, बासरी आणि तंबोरा तिन्ही नाहीसे झाले होते. ती प्लगइन ३२-बिटांची होती आणि नवे सॉफ्टवेअर त्यांना ओळखत नव्हते. राहिला होता तो फक्त आवाज. मावशी तोवर निवर्तली होती.

त्या उघड्या पडलेल्या आवाजात काहीतरी चुकल्यासारखे वाटले, म्हणून त्याच फोल्डरमधील मूळ, न कापलेले ध्वनिमुद्रण लावून पाहिले. काय चुकले ते लगेच कळले. दर ओवीच्या तिसऱ्या चरणाच्या शेवटी मावशी किंचित थांबत असे. त्या क्षणी ती जात्यात वैरण घालीत असे. खुंट्यावरचा एक हात मोकळा झाला की पाळीची गती मंदावे आणि स्वर लांबे. चौथ्या चरणाबरोबर जाते पुन्हा वेग घेई. हा ओवीचा श्वासच होता. रेघेवर ओळी बसविताना तो आम्ही स्वहस्ते काढून टाकला होता, आणि त्या कृतीस ‘दुरुस्ती’ असे नाव दिले होते.

या चुकीचा दोष सॉफ्टवेअरवर ढकलता येणार नाही. तथापि तीस निमंत्रण कोठून मिळाले हे पाहण्यासारखे आहे. रचनेची बहुतेक सॉफ्टवेअर नवी फाइल उघडताच मिनिटाला १२० ठोके आणि चार ठोक्यांचा एक गट अशी चौकट पुढे मांडतात. कोरा कागद म्हणून जो समोर येतो तो वस्तुतः आखलेला कागद असतो. ज्या संगीतात ठोका आधी आणि सूर मागाहून येतो, त्यास ही आखणी सोयीची. परंतु आपल्या विलंबित ख्यालाचे उदाहरण घ्यावे. एकतालाचे एक आवर्तन मिनिटभर चालले तर मिनिटात केवळ १२ मात्रा होतात. बर्लिन येथे जन्मलेल्या आणि २००१ पासून प्रचारात असलेल्या ‘एबलटन लाइव्ह’ या सॉफ्टवेअरमध्ये गतीची खालची मर्यादा मिनिटाला २० ठोके आहे. म्हणजे आपल्याकडील एक नित्याची लय त्या सॉफ्टवेअरच्या कल्पनेतच बसत नाही! यावर उपाय आहे, आणि गंमत अशी की तो तबलजींनी पूर्वीच शोधून ठेवला आहे. अतिविलंबित एकतालाची मात्रा ते मनाशी चार भागांत मोजतात, म्हणजे आवर्तन अठ्ठेचाळीसाचे होते. तीच मोजणी संगणकास दिली की गती ४८ वर येते आणि अडचण सरते. पण गायक समेकडे येताना जी ओढ घेतो ती या मोजणीत कोठेच नसते. सम ही कालातील एक खूण आहे की पोहोचण्याची जागा आहे, हा प्रश्न चौकटीने आपल्यासाठी परस्पर सोडवून टाकलेला असतो.

स्वराची गोष्ट याहून जुनी आहे. १९८३ साली वाद्ये व संगणक यांच्यामधील संभाषणासाठी ‘मिडी’ नावाची संकेतभाषा ठरली. तीत प्रत्येक स्वर म्हणजे ० ते १२७ यांपैकी एक अंक, तो केव्हा दाबला, किती जोराने दाबला आणि केव्हा सोडला एवढेच सांगितले जाते. ही पट्टीवाल्या वाद्याची भाषा होय. मींड हवी असल्यास ती वेगळ्या आज्ञेने द्यावी लागते, आणि त्या आज्ञेने मुळात त्या वाहिनीवरील सर्वच स्वर एकदम सरकतात. प्रत्येक स्वरास स्वतंत्रपणे वळण देण्याची सोय सर्वमान्य झाली ती २०१८ साली. शिवाय बारा स्वर समान अंतराचे. तंबोरा नीट मिळविला की त्यातून जो स्वयंभू गांधार ऐकू येतो, तो या समान विभागणीतील गांधारापेक्षा साधारण १४ सेंटनी उतरलेला असतो. सेंट म्हणजे अर्धस्वराचा शंभरावा भाग. तंबोऱ्याचे प्लगइन आणि पियानोच्या पट्टीचे दुसरे प्लगइन शेजारी ठेवून शुद्ध गांधार लावावा, म्हणजे हे १४ सेंट कानास टोचतात की नाही ते प्रत्येकास पडताळता येईल.

महाराष्ट्रातील अभ्यासकांस हा वाद अपरिचित नाही. हार्मोनियमच्या निमित्ताने तो येथे झडलेलाच आहे. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी अब्दुल करीम खाँसाहेबांच्या साहाय्याने श्रुतींची मोजणी केली, आणि अर्नेस्ट क्लेमंट्स यांच्या सहकार्याने श्रुति-हार्मोनियम घडवून घेतली. आकाशवाणीने १९४० साली हार्मोनियमला दारे बंद केली. ती उघडू लागली १९७१ मध्ये. या इतिहासाकडे पाहता दोन गोष्टी ध्यानात येतात. बंदीने प्रश्न सुटला नाही, कारण त्या तीस वर्षांतही घरोघर, भजनी मंडळांत आणि रंगभूमीवर पेटी वाजतच राहिली. आणि श्रुतींच्या पट्ट्या वाढवूनही तो सुटला नाही. श्रुति-हार्मोनियम व्यवहारात रुजली नाही. उलट गोविंदराव टेंबे यांच्यासारख्या वादकाने त्याच सदोष पेटीतून गळ्याचा भास निर्माण केला. तो कसा केला? पेटी जे करू शकत नाही ते नेमके ओळखून.

आजच्या सॉफ्टवेअरमध्ये देवलांचा प्रयोग पुन्हा होत आहे असे म्हणण्यास हरकत नाही. ‘लाइव्ह’च्या मार्च २०२४ मधील बाराव्या आवृत्तीत निरनिराळ्या स्वरविभागण्यांची सोय आली. ‘सर्ज एक्सटी’ हे विनामूल्य आणि मुक्तस्रोत वाद्य-प्लगइन तर कोणतीही स्वरसारणी वाचते. परतणाऱ्या रचनाकाराने या सोयी असलेली साधने पसंत करावी हे उघड आहे. परंतु बावीस श्रुतींची सारणी भरली म्हणजे दरबारीचा गांधार हाती लागला, असा समज करून घेऊ नये. त्या गांधाराचे स्थान त्याच्या आंदोलनात आहे. सारणी त्यास एक बिंदू देते, आणि तो बिंदूवर कधी उभाच राहत नाही.

आता प्लगइनच्या बाजारासंबंधी. हॅम्बर्ग येथील स्टाइनबर्ग या कंपनीने १९९६ साली ‘व्हीएसटी’ ही पद्धत आणली आणि इतरांस तीनुसार प्लगइन बनविण्याची मोकळीक दिली. तेथून ही बाजारपेठ फोफावली. तिच्यातील एक प्रवृत्ती समीक्षकाने टिपण्यासारखी आहे. सर्वांत मानाची प्लगइन ही बहुधा जुन्या यंत्रांच्या प्रतिकृती असतात. फेअरचाइल्ड ६७० हा वीस निर्वात नळ्यांचा, दोघांनी उचलावा असा जड कॉम्प्रेसर. त्याच्या कागदी आणि संगणकी प्रतिकृती कितीतरी निघाल्या. पडद्यावर त्याचे काटे हलतात, बटणांवरचा रंगही जुनाट दाखविलेला असतो. ज्याने मूळ यंत्र कधी पाहिले नाही, त्याचा आवाज वेगळा काढून कधी ऐकला नाही, असा येथील घरगुती रचनाकार त्या यंत्राच्या छायेसाठी पैसे मोजतो आणि मोजताना त्यास आपण परंपरेत प्रवेश केल्याचा आनंद होतो. हा आनंद खोटा आहे असे नाही. पण ती परंपरा कोणाची, हा प्रश्न त्याने स्वतःस विचारलेला नसतो. आमच्या एका परिचितांकडे असे सात कॉम्प्रेसर आहेत. त्यांची गेल्या तीन वर्षांतील पूर्ण रचना एकही नाही.

विपुलतेचा हा प्रश्न साधनांच्या दारिद्र्यातून आलेल्या एका कृतीशी ताडून पाहावा. टीॲक कंपनीने १९७९ साली चार ट्रॅकांचे, साध्या कॅसेटवर चालणारे घरगुती ध्वनिमुद्रणयंत्र आणले. ब्रूस स्प्रिंगस्टीन या अमेरिकन गायकाने १९८२ च्या आरंभी न्यू जर्सीतील आपल्या घरी त्यावर काही गीते नमुन्यादाखल मुद्रित केली. नंतर वाद्यवृंदासह ती पुन्हा करून पाहिली, पण मूळची बोच उतरेना. तेव्हा ती कॅसेटच ‘नेब्रास्का’ या नावाने त्याच वर्षी प्रकाशित झाली. यावरून दारिद्र्यच श्रेष्ठ असा सिद्धान्त काढणे भाबडेपणाचे होईल. स्प्रिंगस्टीनजवळ गीते होती, हा भाग त्यात मुख्य. तथापि चार ट्रॅक संपले की थांबावेच लागते, आणि थांबणे हा रचनेतील एक निर्णय आहे, एवढे मात्र त्यातून दिसते.

या सर्वांपेक्षा गंभीर वाटते ती साधनांची नश्वरता. स्टाइनबर्गने २००८ मध्ये व्हीएसटीची तिसरी आवृत्ती आणली आणि २०१८ मध्ये दुसरीचे नवे परवाने देणे थांबविले. ॲपलच्या संगणकांनी २०१९ पासून ३२-बिटांचे प्रोग्रॅम चालविणे सोडून दिले. ‘लॉजिक’ची निर्माती एमॅजिक ही कंपनी २००२ साली ॲपलने घेतली आणि विंडोजवर ते वापरणाऱ्यांचा मार्ग खुंटला. ‘केकवॉक’ या जुन्या सॉफ्टवेअरचे काम २०१७ साली बंद पडले. दुसऱ्या कंपनीने ते २०१८ मध्ये उचलले म्हणून वाचले. २०२३ च्या मार्चमध्ये वेव्हज या कंपनीने आपली प्लगइन केवळ वर्गणीनेच मिळतील असे जाहीर केले आणि गदारोळ होताच थोड्याच दिवसांत निर्णय फिरविला. हस्तलिखितांचा अभ्यास करणाऱ्यांस हे दृश्य ओळखीचे वाटेल: पोथी आहे, पण लिपी वाचणारा उरलेला नाही. फरक एवढाच की येथे लिपी लुप्त होण्यास दहा वर्षे पुरतात.

म्हणून निवडीची कसोटी विचारली तर आम्ही प्रथम हेच विचारू, की या साधनात केलेले काम साधनाबाहेर काढता येते काय? या दृष्टीने ‘रीपर’ हे सॉफ्टवेअर विशेष लक्षणीय आहे. त्याची फाइल साध्या मजकुराच्या रूपात असते. कोणत्याही मजकूर-संपादकात ती उघडून कोणता तुकडा कोठून घेतला, कोठे कापला, किती ताणला हे ओळीओळीने वाचता येते. आमची २००९ मधील पापे आम्हांस अशा वाचनानेच मोजता आली असती. ती फाइल दुसऱ्या सॉफ्टवेअरची असल्यामुळे कानाने मोजावी लागली. साठ दिवस ते वापरून पाहता येते आणि व्यक्तिगत वापराचा परवाना ६० डॉलरचा आहे. त्याच्याबरोबर वाद्ये जवळजवळ येत नाहीत, ही उणीव नवख्यास जाणवेल. ज्याच्या रचनेचा मूळ घटकच पुनरावृत्त ठेका आहे, त्यास ‘लाइव्ह’ किंवा ‘एफएल स्टुडिओ’ अधिक जवळची वाटतील, आणि ते योग्यच होय. तेथे चौकट ही अडचण नसून सामग्री असते. कंठसंगीत हाती घेणाऱ्यास मात्र रिकामी खोली बरी.

प्लगइनविषयी एवढेच, की प्रत्येक ट्रॅक आरंभबिंदूपासून स्वतंत्र वेव्ह फाइल म्हणून, संस्कारांसह एकदा आणि संस्कारांविना एकदा, काढून ठेवावा. हे काम कंटाळवाणे आहे. ते आम्ही २००९ साली केले असते तर बासरी वाचली असती. अर्थात् ती बासरी वाचण्याजोगी होती की नाही, हा प्रश्न वेगळा.

ओव्यांचे काम प्रस्तुत लेखकाने पुन्हा हाती घेतले आहे. या वेळी रेघा बंद ठेवल्या आहेत. आवाज कापलेला नाही. मावशीचा षड्ज पांढरी पाच आणि काळी चार यांच्या मध्ये कोठेतरी आहे, आणि बाविसाव्या ओवीपर्यंत तो थोडा चढतोही. त्यामुळे तंबोऱ्याचे प्लगइन सोडून खरा तंबोरा ओव्यांच्या चार गटांसाठी चारदा मिळवून मुद्रित केला. ठेका ठेवलेला नाही. जात्याची घरघर आहे. संस्कार म्हणून एक साधे इक्वलायझर तेवढे वापरले आहे. चौदाव्या ओवीत अंगणातून कोणीतरी मावशीस हाक मारते आणि ती गाता गाताच ‘आले’ म्हणते. गोंगाट पुसणारी प्लगइन आता इतकी तरबेज झाली आहेत की ती हाक मागमूस न ठेवता काढता येते. करून पाहिले आहे. दोन्ही प्रती सध्या ठेवल्या आहेत.