अर्धवट ऐकू येण्याबद्दल

मराठीत रेडिओवर लिहिलं जातं ते बहुतेक आठवणींच्या अंगानं. सकाळची सनई, कामगार सभा, बुधवारी रात्रीची बिनाका. कार्यक्रम असतात, निवेदक असतात. पण तो आवाज खोक्यापर्यंत पोचायचा कसा, याबद्दल एखादंच वाक्य, आणि त्यात 'खरखर' हा शब्द हमखास, तोही लाडानं आलेला. मी तिशीच्या आतला आहे, मला खरखरीचा लळा नाही. तरीही गाडीत डिजिटल रेडिओ बरेच दिवस ऐकल्यावर माझं असं मत झालंय की खरखर काढताना तिच्यासोबत आणखी काहीतरी गेलं, आणि त्याचा स्मरणरंजनाशी संबंध नाही.

भारतात डिजिटल रेडिओ म्हणजे सध्या डीआरएम. पूर्ण नाव डिजिटल रेडिओ मोंडियाल. आकाशवाणीनं ही पद्धत निवडली आणि मीडियम वेव्हचे 35 ट्रान्समीटर तिच्यासाठी सज्ज केले. मारुती सुझुकी, ह्युंदाई यांच्या अनेक गाड्यांत त्याचा सेट कारखान्यातूनच बसून येतो. आपल्या डॅशबोर्डमध्ये हे आहे याचा मालकांना बऱ्याचदा पत्ताही नसतो. कागदावर सगळं उत्तम आहे. एकाच फ्रीक्वेन्सीवर दोन-तीन कार्यक्रम, पडद्यावर मजकूर, प्रक्षेपणाला कमी वीज, एफएमच्या तोडीचा आवाज.

आवाजाचं आधी बोलू. मीडियम वेव्हवर एका केंद्राच्या वाट्याला 9-10 किलोहर्ट्झची चिंचोळी पट्टी येते. तिच्यात डिजिटल माहिती सेकंदाला जेमतेम वीस-पंचवीस किलोबिट बसते. एवढ्यात एफएमसारखा आवाज काढायचा तर युक्ती करावी लागते: वरच्या पट्टीतले ध्वनी पूर्ण पाठवायचेच नाहीत, खालच्यांवरून अंदाजानं पुन्हा तयार करायचे. निवेदकाच्या आवाजावर ही युक्ती झकास चालते. बातम्या इतक्या स्वच्छ मीडियम वेव्हवर मी कधी ऐकल्या नव्हत्या. शास्त्रीय संगीत लागलं की मात्र पितळ उघडं पडतं. तंबोऱ्याची जवारी प्लास्टिकची वाटते, तबल्याच्या चाटीला धार राहत नाही. 'एफएमच्या तोडीचा' हे बोलण्यापुरतं खरं आहे, गाण्यापुरतं नाही.

पण हे मी चालवून घेईन. खरी अडचण आवाज कमकुवत होतो तिथे आहे.

अ‍ॅनालॉग रेडिओ हळूहळू बिघडतो. केंद्र दूर गेलं की आवाज खोल जातो, विजेच्या मोठ्या तारांखाली गुणगुण वाढते, पुलाखाली क्षणभर विझतो. डिजिटल बिघडत नाही. असतो किंवा नसतो. त्यात चुका दुरुस्त करण्याचं गणित असतं, आणि चुका एका मर्यादेत असेपर्यंत ते इतकं बेमालूम काम करतं की सिग्नल खराब होतोय हे कळतही नाही. मर्यादा ओलांडली की एकदम शांतता. अभियंते याला 'क्लिफ' म्हणतात, कडा. खंबाटकीच्या घाटात तो कडा मला कितीदा तरी भेटलाय. बातमी सुरू असते: जोरदार पावसाचा इशारा, अमुक जिल्ह्यांतल्या शाळांना... आणि पुढे काही नाही. खरखर नाही, कुजबुज नाही. सिग्नल परत आला तरी आवाज लगेच येत नाही, कारण क्षणिक खंड भरून काढता यावेत म्हणून दोनेक सेकंदांची माहिती आलटून-पालटून पाठवलेली असते. ती पुन्हा जुळवावी लागते.

आता तेच वाक्य अ‍ॅनालॉगवर घ्या. 'शाळांना' नंतरचा शब्द अर्धा बुडाला तरी 'सुट्टी' हे मराठी माणसाला कळतं. जिल्ह्याचं नाव 'सा...रा' एवढंच आलं तरी कळतं. ऐकणाऱ्याला येत असलेली भाषा, त्याचा भूगोल, निवेदकाच्या लकबीची सवय, ही सगळी चुका दुरुस्त करणारी यंत्रणाच होती, आणि तिला सेल लागत नव्हते. डिजिटल रेडिओनं हे काम माणसाच्या कानाकडून काढून चिपकडे दिलं. चिप बहुतेक वेळा ते आपल्यापेक्षा चांगलं करते, हे मान्य. पण तिला जमेनासं झालं की उरलेला तुकडा ती आपल्या हवाली करत नाही. कचऱ्यात टाकते.

तुकड्याला किंमत असते का? बिनाकाचंच उदाहरण घेऊ, माझ्या पिढीनं ती ऐकलेली नसली तरी. 1952 मध्ये बाळकृष्ण विश्वनाथ केसकर माहिती व प्रसारण मंत्री झाले, त्यांच्या काळात आकाशवाणीवरून चित्रपटगीतांना कात्री लागली, आणि श्रोते उठून रेडिओ सिलोनकडे गेले. म्हणजे जवळच्या केंद्राचा खणखणीत आवाज सोडून समुद्रापलीकडून शॉर्टवेव्हवर येणारा, वर-खाली होणारा आवाज लोकांनी निवडला. ही आवड खरखरीची नव्हती, गाण्यांची होती. पण दर्जाच्या कुठल्याही तांत्रिक मोजपट्टीत नापास झालेलं प्रसारणही माणसाला हवं असू शकतं, याचा याहून मोठा पुरावा आपल्याकडे नाही. (डीआरएमच्या बाजूनं सांगायचं तर शॉर्टवेव्हचे चढउतार झेलायलाच ते रचलंय. सिग्नल पुरेसा असेल तर.)

हाच कडा बाजारातही आहे, आणि तिथे तो जास्त लागतो. खिशातल्या सेटमध्ये मीडियम वेव्ह पकडायला फेराइटची कांडी लागते, कारण 1000 किलोहर्ट्झच्या लहरीची लांबी 300 मीटर असते. फोन एफएमसाठी इअरफोनच्या वायरीला अँटेना बनवून वेळ मारून नेतो. मीडियम वेव्हसाठी ती सोय चालत नाही. त्यात डिजिटल उकल करणारी चिप सेल खाते. साधा ट्रान्झिस्टर काही शे रुपयांत मिळतो, डीआरएमचा सुटा सेट काही हजारांत, आणि तोही शोधावा लागतो. गाडीत यातला एकही प्रश्न नाही: बॅटरी मोठी, किंमत गाडीच्या किमतीत बुडालेली, निवड ग्राहकानं करायचीच नाही. युरोपनंही हेच केलं. डिसेंबर 2020 पासून तिथल्या नव्या मोटारींच्या रेडिओत डिजिटल हवाच. नॉर्वेनं 2017 मध्ये राष्ट्रीय वाहिन्यांचं एफएम बंद केलं, पण त्याआधी बावीस वर्षं तिथे डिजिटल प्रसारण चालू होतं, आणि अनेक स्थानिक केंद्रं नंतरही एफएमवर राहिली.

आपल्याकडे मीडियम वेव्हचा श्रोता कोण? शेतीचा कार्यक्रम लावणारा, होडीवर हवामान ऐकणारा, एफएम पोचत नाही अशा वाडीवरचा. त्याच्यासाठी निवडलेलं तंत्र पोचलं ते मोटार असलेल्याकडे, ज्याच्या हातात फोन आहे आणि फोनवर सगळंच आहे. डीआरएममध्ये आपत्तीच्या वेळी सेट आपोआप इशाऱ्याच्या केंद्रावर नेण्याची सोय आहे. कल्पना उत्तम. सेट होडीवर हवा.

'तंत्रज्ञानाचा स्वभावच असा' हे उत्तर मला पटत नाही. डीआरएमच्या मानकातच थरांत पाठवण्याची तरतूद आहे: महत्त्वाचा भाग जास्त संरक्षणाखाली, बाकीचा कमी, म्हणजे सिग्नल पडला तरी ओबडधोबड बोलणं टिकावं. कडा कापून उतार करता येतो, हे रचणाऱ्यांना ठाऊक होतं. माझ्या गाडीतल्या सेटनं मात्र मला अर्धा आवाज आजवर कधी दिलेला नाही. शांतता पडली की मी हातानंच एएमवर येतो. डिजिटल काही सेकंद मागे चालत असल्यामुळे बातमी वाक्यभर पुढे गेलेली असते. आवाज घोगरा, मागे ट्रकच्या इंजिनासारखी घरघर, पण इशारा कुठल्या तालुक्यांना आहे ते कळतं.