‘ख्रिस्तपुराण’ : वाचायचे की गायचे?

फादर थॉमस स्टीफन्स यांच्या ‘ख्रिस्तपुराणा’वर मराठीत पुष्कळ लिहिले गेले, परंतु त्यातील बहुतेक लेखन मराठी भाषेची थोरवी गाणाऱ्या मोजक्या ओव्यांभोवतीच घोटाळते. सुमारे 11 हजार ओव्यांचा हा ग्रंथ कशासाठी रचला गेला, हा प्रश्न मागेच राहतो. तो गाण्यासाठी रचला गेला.

स्टीफन्स यांचा जन्म इंग्लंडमध्ये 1549च्या सुमारास झाला. त्याच वर्षी तेथे लॅटिन उपासनेच्या जागी इंग्रजी प्रार्थनाग्रंथ सक्तीचा झाला आणि लवकरच जुने उपासनाग्रंथ नष्ट करण्याचा हुकूम सुटला. शतकानुशतकांच्या पवित्र संगीताची हस्तलिखिते गेली; ईटन येथील थोर गायनग्रंथासारखी थोडी बचावली. पुढे विल्यम बर्ड यांची मिस्सासंगीते 1590 नंतर छापली गेली तीही मुखपृष्ठाविना, कारण ती कॅथलिक घरांतून लपूनछपून गायिली जात. स्टीफन्स यांचे स्नेही थॉमस पाउंड यांची जवळजवळ 30 वर्षे तुरुंगात गेली. अशा देशातून बाहेर पडलेले हे येशूसंघीय 1579 साली गोव्यात आले आणि साष्टीच्या ख्रिस्ती जनांना त्यांनी ओवीबद्ध पुराण दिले. यात निव्वळ योगायोग मला दिसत नाही.

दैवदुर्विलास असा, की दडपणुकीने या ग्रंथालाही गाठले, आणि तेही कॅथलिक राजवटीत. 1684 साली पोर्तुगीज व्हाइसरॉयने देशी भाषेच्या वापरावरच बंदीचा हुकूम काढला. ग्रंथाच्या 1616, 1649 व 1654 या तिन्ही मुद्रित आवृत्त्यांची एकही प्रत आज उपलब्ध नाही. ग्रंथ तगला तो नकलून घेणाऱ्यांच्या हातांनी. लंडनच्या मार्सडेन संग्रहातील देवनागरी प्रत ओळखली ती जस्टिन अॅबट यांनी, 1925च्या सुमारास. ते प्रॉटेस्टंट मिशनरी होते, हेही नोंदवलेले बरे.

या हस्तलिखितांत शब्द आहेत, स्वर नाहीत. साल्ढाणा यांची 1907ची रोमी आवृत्ती, बंडेलूंची 1956ची देवनागरी आवृत्ती आणि फादर नेल्सन फलकाव यांची 2009ची गद्यानुवादासह आवृत्ती, या तिघांचे ऋण मोठे आहे. तरीही गद्यानुवाद हाताशी आला, की वाचक ओवीवरून डोळा फिरवून पुढे सरकतो, आणि तेथेच ग्रंथ निसटतो.

पालमला बसून हे अधिक जाणवते. संत जनाबाईंचे गंगाखेड येथून जवळच. या गोदाकाठी जात्यावर ओवी म्हणणाऱ्या कित्येक बायांना अक्षरओळख नव्हती. चालीनेच त्यांचे शब्द सांभाळले. ‘ख्रिस्तपुराणा’ची ओवी ग्रांथिक, साडेतीन चरणी, जात्यावरची नव्हे. पण पहिल्या तीन चरणांचे यमक साधून चौथा आखूड चरण श्वासापाशी थांबतो. ही रचना कानासाठी आहे. मूकवाचनात तो चरण अपुरा, क्वचित भरतीचाही वाटतो. मोठ्याने म्हणताच तो समेसारखा पडतो. स्टीफन्स यांची पाल्हाळिक म्हणून हिणवली गेलेली पुनरुक्ती हीदेखील ऐकणाऱ्याची सोय आहे.

गोव्यात उपवासकाळात हे पुराण गात असत. आपल्या धर्मग्रामांत तसे करण्यास कोणाचीच हरकत नसावी. दुसऱ्या पुराणातील दुःखसहनाचा एखादा अवस्वरू घ्यावा, पोथी लावणाऱ्या एखाद्या जाणत्याकडून ओवी म्हणण्याची रीत समजून घ्यावी, एकाने तीन चरण म्हणावेत आणि मंडळींनी चौथा उचलावा. गद्यानुवाद तेवढा वेळ मिटून ठेवावा.