तीन खणांचा नकाशा

खानदेशातल्या पिंपळनेरच्या जुन्या गल्लीत शोभेल अशा तीनखणी धाब्याच्या घराचा नकाशा कागदावर काढून पाहिला, तर आधी तो फार गरीब दिसतो. ओट्याला लागून ओसरी, मग माजघर, मग चुलीची खोली, मागे परस. संपलं. बोळ नाही, पॅसेज नाही. मला त्याची खुबी वाटते ती इथेच.

खण म्हणजे दोन तुळयांमधली जागा. मिळेल त्या लाकडाच्या लांबीवर घराचं माप ठरायचं, म्हणून एक इंचही वाया घालवणं परवडत नसे. ओसरी दिवसा बैठक, रात्री म्हाताऱ्यांचं अंथरूण, कांदा निघाला की गोण्यांची जागा. माजघर तर खोलीही आणि वाटही. आता त्याची दोन दारं पाहा. ती एकाच कडेला सरकवलेली असली, तर येजा भिंतीलगत होते आणि उरलेली जागा सलग राहते. तीच दारं मधोमध आली, की खोलीच्या दोन अरुंद पट्ट्या होतात. धड पेटी मावत नाही, धड पाळणा. आजचे वन बीएचकेचे नकाशे बघताना मी पहिल्यांदा दारंच तपासतो. फार थोडे पास होतात.

दोन्ही बाजूंना शेजाऱ्यांच्या भिंती, मग माजघराला उजेड कुठून? धाब्यातल्या साण्यातून, म्हणजे उजेडासाठी ठेवलेल्या भोकातून. आणि धाबं तर नकाशात न दिसणारी चौथी खोली. कड्या, फळ्या, त्यांवर मातीचा जाड थर, पावसाआधी वर खारी माती. खानदेशच्या उन्हाळ्यात हा थर दुपार अडवतो. वर दिवसा पापड-कुरडया वाळतात, रात्री सगळं घर झोपायला जातं.

खोलीतूनच वाट काढायची ही युक्ती दूरदेशीही सापडते. वास्तुविशारद ल कॉर्बुझिएनं आईवडिलांसाठी जिनिव्हा सरोवराकाठी 1923-24 मध्ये साठेक चौरस मीटरचं घर बांधलं. आराखडा आधी तयार होता, जागा नंतर शोधली. त्यातही खोल्यांमधूनच गोल फिरता येतं. पण सरोवराकडे उघडणारी त्याची अकरा मीटरची खिडकी खानदेशच्या वैशाखात भाजून काढील, हेही खरं.

जुन्या नकाशात खोट नाही असं नाही. चुलीशेजारच्या मोरीत आडोशाला लुगडं बांधून अंघोळ उरकायची, आणि बाकीच्या विधींसाठी बायकांनी अंधार पडायची वाट पाहायची. हा नकाशा पुरुषानं आखलेला आहे, हे तिथे स्पष्ट दिसतं. संडास-न्हाणीसाठी आजचा नकाशा जागा काढतो, ती मी बिनतक्रार देईन.

ग्रामीण भागातल्या प्रधानमंत्री आवास योजनेच्या घरकुलाला किमान 25 चौरस मीटर मिळतात, स्वयंपाकाची जागा धरून. तेवढ्यात मी दिवाणखाना मागणार नाही. दारं कडेला घ्या म्हणेन, आणि स्लॅबवर जायला जिना, तोही बाहेरून.