मध्यस्थाची ग्वाही

केरीच्या केसरबाई केरकर यांची भैरवी १९७७ साली ‘व्हॉयेजर’ यानांतून अंतराळात गेली. त्याच केसरबाईंची एक ७८ फेऱ्यांची जुनी तबकडी आम्ही आंतरजालावरील बाजारपेठेतून मागविली. शेरा होता ‘व्हेरी गुड’; सुई टेकताच स्वराआधी खरखर उमटली. विक्रेत्याने तबकडी नुसती पाहिली होती, वाजविली नव्हती. बाजारपेठेने तर पाहिलीही नव्हती. ‘आम्ही केवळ मध्यस्थ’, एवढेच तिचे उत्तर!

२०२० च्या ई-वाणिज्य नियमांनी बाजारपेठेवर विक्रेत्याचे नाव-पत्ता देण्याचे, आणि विक्रेत्यावर वर्णनाशी विसंगत माल परत घेण्याचे बंधन घातले आहे. परंतु मेख वर्णनातच आहे. ‘गोल्डमाइन’ या प्रचलित श्रेणीपद्धतीत ‘व्हेरी गुड’ म्हणजेच खरखर जाणवणारी, आणि ‘गुड’ म्हणजे त्याहूनही झिजलेली तबकडी! शब्द असे उलटे झाले, की ग्राहकाच्या रक्षणासाठी असलेले वर्णन विक्रेत्याचीच ढाल बनते आणि कायदा लंगडा पडतो.

म्हणून रसिकांस आमची विनंती एवढीच: पैसे देण्यापूर्वी विक्रेत्यास लेखी विचारावे, ‘तबकडी वाजवून पाहिली काय? खरखर किती?’ त्याचे साधे, लेखी उत्तर हेच खरे वर्णन. नाद विकणाऱ्याने निदान एकदा तरी तो ऐकलेला असावा.