नामवंतांचे ज्ञान, तिसऱ्याची झोळी

दूरचित्रवाणीवरील प्रश्नमंजूषा हा करमणुकीचा प्रकार आता चांगलाच जुना झाला आहे. त्याच्या एका उपशाखेकडे मात्र आमच्या समीक्षकांचे लक्ष क्वचितच जाते. नट, गायक, वृत्तनिवेदक, खेळाडू अशा नामवंतांना स्पर्धकाच्या आसनावर बसवायचे, त्यांना सामान्यज्ञानाचे प्रश्न विचारायचे आणि जिंकलेली रक्कम त्यांनी निवडलेल्या सेवाभावी संस्थेला द्यायची, असे तिचे स्वरूप असते. हेतू चांगला, पैसा खरा, करमणूक निरुपद्रवी. मग टीकाकाराने येथे लुडबूड का करावी, असे कोणी म्हणेल. परंतु हाही एक नाट्यप्रकारच आहे, आणि कोणत्याही नाट्यप्रकाराला विचारावा तो प्रश्न यालाही विचारला पाहिजे : येथे पणाला काय लागले आहे, आणि ते कोणाचे आहे?

सामान्य स्पर्धकाच्या बाबतीत उत्तर सोपे असते. त्याच्या घराचे कर्ज, मुलीचे शिक्षण, गावात मिळणारा मान हे सारे त्या खुर्चीवर त्याच्यासोबत बसलेले असते. त्याचा घाम खोटा नसतो. नामवंताच्या बाबतीत या सर्व गोष्टी गळून पडतात. हरला तरी त्याचे काही जात नाही, जिंकला तरी त्याच्या घरी काही येत नाही. पणाला लागते ती दोनच माणसांची वस्तू : त्याची स्वतःची प्रतिष्ठा, आणि पडद्यावर कोठेही न दिसणाऱ्या एका तिसऱ्याची झोळी. या दोहोंपैकी कोणती वस्तू कार्यक्रम आम्हांला दाखवतो, यावर त्याची खरी पारख होते.

या संदर्भात अमेरिकेतील ‘जेपर्डी’ या कार्यक्रमाकडे पाहणे उद्बोधक ठरेल. त्याचा जन्मच एका लबाडीच्या सावलीत झाला. १९५० च्या दशकाच्या अखेरीस तेथील प्रश्नमंजूषांमध्ये आवडत्या स्पर्धकांना आधीच उत्तरे पुरवली जात असल्याचे उघडकीस आले. चार्ल्स व्हॅन डोरेन या विद्वान घराण्यातील प्राध्यापकाने १९५९ साली तशी कबुली दिली आणि प्रेक्षकांचा विश्वासच उडाला. तेव्हा मर्व्ह ग्रिफिन यांच्या पत्नी ज्युलॅन यांनी सुचविले की, मग उघडपणेच उत्तर देऊन टाका आणि स्पर्धकाला प्रश्न विचारायला लावा! या गमतीतून १९६४ साली ‘जेपर्डी’ सुरू झाला. १९८४ पासून अ‍ॅलेक्स ट्रेबेक यांनी त्याचे सूत्रसंचालन केले, ते २०२० मध्ये त्यांच्या मृत्यूपर्यंत. नामवंतांचे खास भाग १९९२ साली आले.

या खास भागांविषयी एक समज रूढ आहे, तो म्हणजे प्रश्न सोपे असतात आणि तरीही पाहुण्यांची फजिती होते. १९९६ पासून ‘सॅटर्डे नाइट लाइव्ह’ या विनोदी कार्यक्रमाने याच समजावर आपले विडंबन उभारले. त्यात विल फेरेल वैतागलेला ट्रेबेक झाला आणि त्याच्यासमोरचे तारे साध्यातला साधा प्रश्नही चुकवू लागले. हे विडंबन इतके लोकप्रिय झाले की, मूळ कार्यक्रम पाहतानाही प्रेक्षक त्या हास्याची वाट पाहू लागला. थोरांचे पाय मातीचे असलेले पाहण्यात आपल्याला जो आनंद होतो, त्याला सभ्य नाव सापडणे कठीण आहे.

तो आनंद २००९ मध्ये पुरेपूर मिळाला. सीएनएन वाहिनीचे ज्येष्ठ वृत्तनिवेदक वुल्फ ब्लिट्झर खेळायला आले आणि त्यांचे गुण उणे ४,६०० डॉलरपर्यंत घसरले. नियमाप्रमाणे उणे गुण असलेल्याला अंतिम फेरी खेळता येत नाही. पाहुण्याची अब्रू राहावी म्हणून त्यांना १,००० डॉलर देऊन उभे करण्यात आले. त्याच खेळात विनोदी नट अँडी रिक्टर ६८,००० वर पोहोचला. रोज जगाच्या घडामोडी सांगणारा माणूस गडगडला आणि विदूषक जिंकला! लोकांनी हा प्रसंग वर्षानुवर्षे चघळला. परंतु वाचकांच्या लक्षात येईल की, या हसण्यात कोणत्याही रुग्णाच्या ताटातील घास गेला नव्हता. या खेळात हरणाऱ्याच्या संस्थेलाही ठरलेली किमान रक्कम मिळते. म्हणजे उणे गुण केवळ नामवंताच्या खात्यावर पडतात, तिसऱ्याच्या झोळीला त्यांचा चटका बसत नाही. आमच्या मते हा नियम हीच या कार्यक्रमातील सर्वांत सुसंस्कृत गोष्ट होय. नाट्य त्यामुळे थोडे सौम्य होते, हे खरे. पण जे उरते ते प्रामाणिक असते.

सगळेच पाहुणे कच्चे असतात असेही नाही. मायकेल मॅकीन या नटाने २०१० मध्ये दहा लाख डॉलर जिंकून ते मायलोमा या कर्करोगावर काम करणाऱ्या संस्थेला मिळवून दिले. २०२३ चा विजेता आइक बॅरिनहोल्ट्झ तर पुढे मुरलेल्या विजेत्यांच्या स्पर्धेत कोणतीही सवलत न घेता उतरला.

या प्रकारातील सर्वांत अस्वस्थ करणारा भाग मात्र ब्रिटनमधील ‘हू वॉन्ट्स टु बी अ मिलियनेअर’चा आहे. येथे खेळाची रचनाच निराळी आहे. पायऱ्या चढत जायचे आणि चुकीचे उत्तर दिले की खाली कोसळायचे. २००६ साली गृहसजावटकार लॉरेन्स लुएलिन-बोवेन आणि त्यांच्या पत्नी जॅकी हे दांपत्य मुलांच्या एका शुश्रूषागृहासाठी खेळत होते. असाध्य आजार झालेल्या मुलांची व त्यांच्या कुटुंबांची काळजी घेणारी ती संस्था. पाच लाख पौंडांपर्यंत दोघे पोहोचले आणि दहा लाखांचा प्रश्न आला : लॅटिनमधून भाषांतर केले असता अमेरिकेचे ब्रीदवाक्य कोणते? त्यांनी ‘देवावर आमचा विश्वास आहे’ या अर्थाचे वाक्य निवडले. अपेक्षित उत्तर होते ‘अनेकांतून एक’. क्षणात ४,६८,००० पौंड गेले, उरले ३२,०००.

थोडे थांबून या क्षणाकडे पाहू. अमेरिकेच्या काँग्रेसने १९५६ साली अधिकृत ब्रीद म्हणून स्वीकारले ते विश्वासाचेच वाक्य; परंतु ते मुळात इंग्रजी, लॅटिन नव्हे. लॅटिन वाक्य त्याहून कितीतरी जुने, राष्ट्राच्या राजमुद्रेवरचे. काटेकोर वाचणारा म्हणेल, उत्तर चुकलेच. सहानुभूतीने वाचणारा म्हणेल, प्रश्नच संदिग्ध होता. निर्मात्यांनी दुसरा पक्ष घेतला, गेलेली रक्कम परत दिली आणि दांपत्याला नवा प्रश्न ऐकण्यासाठी पुन्हा बोलावले. ते आले, त्यांनी प्रश्न ऐकला, आणि उत्तर न देता पाच लाख पौंड घेऊन उठले.

आम्हांला हा न दिलेल्या उत्तराचा प्रसंग या संपूर्ण प्रकारातील सर्वोत्तम वाटतो. प्रश्नमंजूषेचा धर्म धाडस हा आहे. प्रेक्षक धाडसाला टाळ्या वाजवतो आणि उठून जाणाऱ्याकडे थोड्या तुच्छतेने पाहतो. पहिल्या वेळी त्या दोघांनी खेळाडूचे धाडस दाखवले होते. दुसऱ्या वेळी ते विश्वस्तासारखे वागले. दोन भेटींच्या मध्ये त्यांना एवढेच कळले होते की, खाली कोसळतो तो आपण नसतो. आपल्या वाचकांना येथे तालंतांचा दाखला आठवेल आणि नाणे जमिनीत पुरून ठेवणाऱ्या चाकराची झालेली निर्भर्त्सनाही. परंतु त्या दाखल्यातील नाणे धनवान धन्याचे होते. येथे ते आजारी लेकराचे आहे, आणि त्याच्या वतीने जुगार खेळण्याची परवानगी कोणी कोणाला दिली, हे कार्यक्रम कधीच विचारत नाही.

आपल्याकडे ‘कौन बनेगा करोडपती’ ३ जुलै २००० रोजी त्याच ब्रिटिश साच्यावर सुरू झाला, आणि नामवंतांचे भागही सोबत आले. २०२१ मध्ये सौरव गांगुली आणि वीरेंद्र सेहवाग आपापल्या नावाच्या प्रतिष्ठानांसाठी खेळले. त्यात वावगे काही नाही; पण खेळणाराचे आणि घेणाराचे नाव एकच झाले की, तिसरा माणूस आणखी एक पाऊल मागे सरकतो, एवढे नोंदवावेसे वाटते. अशा भागांत गप्पा भरपूर, नकला भरपूर, प्रश्न तोंडी लावण्यापुरते. या भागांना प्रश्नमंजूषा म्हणण्यापेक्षा सणाची मैफल म्हणणे अधिक योग्य होईल.

त्याच कार्यक्रमाने २०१८ पासून ‘कर्मवीर’ या नावाने जो बदल केला तो मात्र आमच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे. त्या वर्षी डॉ. प्रकाश आणि डॉ. मंदाकिनी आमटे त्या आसनावर बसले. २०१९ मध्ये सिंधुताई सपकाळ. ज्यांच्या कामासाठी पैसा हवा तेच प्रश्नांना सामोरे गेले. १९७३ पासून हेमलकशात माडिया गोंडांमध्ये राहिलेल्या माणसाला सामान्यज्ञान विचारण्यात एक विचित्र विसंगती आहेच. त्यांना जे ठाऊक आहे ते चार पर्यायांत बसत नाही. पार्श्वसंगीताने डोळे ओले करण्याचा सोसही आम्हांला खटकतो, कारण या माणसांनी आपल्याकडे कधी अश्रू मागितले नव्हते. तरीही एक गोष्ट येथे घडली : झोळी घेऊन आलेला माणूस पडद्यावर दिसला, त्याला नाव होते, आवाज होता, आणि उत्तर द्यायचे की उठायचे हे ठरवण्याचा अधिकार त्याच्याच हाती होता. पुढील काही भागांत कर्मवीराच्या शेजारी मदतीला एखादा नट किंवा नटी बसू लागली. नामवंताची जागा शेजारच्या खुर्चीवर आली, मुख्य खुर्चीवर नव्हे. आणि तेथे तो बराच शोभून दिसला.