वृद्ध वाघ, वृद्ध शिकारी : जिम कॉर्बेटच्या शिकारकथांतील देहाचे वाचन

शिकारकथा हा प्रकार स्वभावतः तारुण्याचा मानला जातो. पहिली शिकार, पहिले भय, भयावर मिळवलेला पहिला विजय आणि त्यातून प्रौढांच्या जगात होणारा प्रवेश, असा या प्रकाराचा रूढ घाट आहे. या घाटात वृद्धाला जागा असते ती कथकाची किंवा गुरूची. तो शेकोटीजवळ बसून सांगतो आणि प्रत्यक्ष शिकारीला दुसरा कोणी जातो. जिम कॉर्बेटच्या कुमाऊँविषयक कथांत मात्र सांगणारा आणि जाणारा एकच आहे, आणि दोन्ही अर्थांनी तो उतारवयातला आहे. १८७५ मध्ये नैनिताल येथे जन्मलेल्या कॉर्बेटने रुद्रप्रयागचा बिबट्या मारला तो १९२६ मध्ये, पन्नाशी गाठल्यावर. चौगढची वाघीण १९३० मध्ये. आणि ठाकची वाघीण १९३८ मध्ये, म्हणजे त्रेसष्टाव्या वर्षी. या अनुभवांचे सर्वपरिचित पुस्तक 'मॅन-ईटर्स ऑफ कुमाऊँ' मुंबईहून ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेसने प्रसिद्ध केले ते १९४४ मध्ये. नंतरची सर्व पुस्तके सत्तरीच्या पुढची आहेत. असे असूनही या कथांचा विचार करताना वार्धक्याचा प्रश्न सहसा उपस्थित केला जात नाही. साहस, निसर्गज्ञान आणि भूतदया या तीन शब्दांत त्यांचा निकाल लावला जातो, किंवा वसाहतवादी साहित्याच्या एका सदरात त्यांची नोंद होते. वार्धक्य ही या संहितांची केवळ पार्श्वभूमी नसून त्यांच्या अर्थव्यवस्थेचे एक मूलतत्त्व आहे, हे येथे दाखवावयाचे आहे.

या कथांत वार्धक्याचा उच्चार प्रथम होतो तो पशूच्या संदर्भात. कॉर्बेटचा सिद्धांत प्रसिद्ध आहे. वाघ स्वभावाने नरभक्षक नसतो. परिस्थितीच्या रेट्याने तो तसा होतो. दहांपैकी नऊ वेळा हा रेटा जखमेचा असतो आणि दहाव्या वेळी म्हातारपणाचा. पुस्तकाच्या प्रारंभीच मांडलेला हा सिद्धांत पुढे प्रत्येक कथेच्या अखेरीस पडताळला जातो. जनावर मेल्यानंतर एक ठरावीक परिच्छेद येतो. त्याला शवपरीक्षणाचा परिच्छेद म्हणता येईल. चंपावतच्या वाघिणीने ४३६ माणसे मारली; तिचे उजवीकडचे वरचे व खालचे सुळे बंदुकीच्या गोळीने तुटलेले निघतात. चौगढच्या म्हाताऱ्या वाघिणीची नखे मोडलेली आणि पुढचे दात झिजलेले आढळतात. सरकारी नोंदीप्रमाणे १२५ बळी घेणारा रुद्रप्रयागचा बिबट्या प्रत्यक्षात एक म्हातारा नर असतो.

कथनाच्या दृष्टीने या परिच्छेदाचे कार्य दुहेरी आहे. एकीकडे तो रहस्य मिटवतो. गावोगावच्या बोलण्यात जे भूत होते, पिशाच होते किंवा साधूचे सोंग होते, ते दात, नख आणि कातडे यांत उतरते. दुसरीकडे तो न्यायनिवाडा करतो. रुद्रप्रयागच्या कथेत मृत बिबट्याकडे पाहताना निवेदक त्याचा अपराध निसर्गाच्या कायद्यापुढे अपराधच नव्हता, असे सुचवतो. कारण सापडले की दोष उरत नाही. पशूचे वार्धक्य असे कार्यकारणाच्या भाषेत लिहिले जाते. ते देहावर उघड असते, वाचता येते आणि वाचल्यावर क्षम्य ठरते.

शिकाऱ्याच्या देहाबाबत नेमके उलट घडते. आपले वय निवेदक क्वचितच सांगतो. वर्षे दिलेली असतात. वजाबाकी वाचकाने करावयाची असते. थकवा, ताप, जागरण यांचे उल्लेख येतात, पण ते परिस्थितीचे म्हणून, वयाचे म्हणून नव्हेत. या मौनाचे कारण केवळ इंग्रजी वळणाचा संकोच नव्हे. कॉर्बेटचे जंगल ही एक चिन्हव्यवस्था आहे. मातीवरचा ठसा, वाकलेले गवत, भेकराचे ओरडणे, वानरांचा इशारा ही सर्व चिन्हे आहेत आणि शिकारी हा त्यांचा वाचक आहे. जो वाचतो त्याचे डोळे आणि कान वाचनाचा विषय होऊन चालत नाही. साधन पारदर्शक राहिले तरच वाचन विश्वसनीय ठरते. रुद्रप्रयागला अखेरची गोळी सुटते ती अंधारात, आंब्याच्या झाडावरून, खाली बांधलेल्या बोकडाच्या गळ्यातील घंटा वाजल्यावर. तेथे संपूर्ण कथा एका कानावर उभी आहे. तो कान पन्नास वर्षांचा आहे, हे सांगण्याची सोय संहितेत नाही.

म्हणूनच 'ठाक'ची कथा या लेखनात वेगळी ठरते. पुस्तकातील नरभक्षकांच्या कथांत ती अखेरची आहे आणि लेखकाच्या आयुष्यातीलही ही अखेरची नरभक्षकाची शिकार. गाव ओस पडले आहे. घरे उघडी टाकून लोक निघून गेले आहेत. शिकाऱ्याजवळ थोडे दिवस उरले आहेत, कारण परतण्याची तारीख त्याने स्वतःच ठरवली आहे. वाघीण माजावर आहे आणि जोडीदाराला साद घालते आहे. आमिषाचे सारे उपाय फसल्यावर शिकारी तिच्या सादेला नर वाघाच्या आवाजात उत्तर देतो. उजेड मावळत असताना ती या आवाजाच्या रोखाने येते आणि काही पावलांवर मारली जाते. कोणत्याही तरुण शिकाऱ्याच्या कथेत हा प्रसंग चातुर्याचा नमुना ठरला असता. येथे त्याला दुसरे परिमाण येते. आयुष्यभर अविवाहित राहिलेला त्रेसष्ट वर्षांचा माणूस ऐन भरातल्या नराचा आवाज उसना घेतो, आणि त्या आवाजावर विश्वास ठेवणारा जीव मरतो. या क्षणी शिकारी चिन्हांचा वाचक राहत नाही. तो स्वतःच खोटे चिन्ह होतो. साधनाची पारदर्शकता येथे प्रथम भंगते.

लगेच पुढची घटनाही या भंगाला पुष्टी देते. खडकावरच्या अवघडलेल्या बैठकीतून जड रायफल झाडल्यावर तिच्या धक्क्याने शिकारी मागे फेकला जातो आणि खाली दडून बसलेल्या सोबत्यांवर व बोकडांवर जाऊन पडतो. विजयाच्या क्षणी नायक उभा नाही, तो घसरून पडलेला आहे. निवेदक हे विनोदाच्या अंगाने सांगतो, पण शिकारकथेच्या संकेतांत हे चित्र बसणारे नाही. मृत श्वापदावर पाय ठेवून उभ्या असलेल्या साहेबाचे छायाचित्र त्या काळात सर्वत्र प्रचलित होते. त्याच्या शेजारी हे पडणे ठेवले म्हणजे संहितेने स्वतःच्या नायकाविषयी नकळत काय सांगितले आहे ते स्पष्ट होते.

येथे एक आक्षेप येणे स्वाभाविक आहे, आणि तो टाळता येण्यासारखा नाही. वृद्ध साहेबाचे हे हळवे चित्र वसाहतवादी सत्तेला अधिकच सुसह्य करणारे नाही काय? निःशस्त्र गावकरी आणि त्यांचा एकटा तारणहार ही रचना निसर्गदत्त नाही. १८७८ च्या शस्त्रकायद्याने भारतीयांना परवान्याशिवाय बंदूक बाळगण्यास बंदी केली होती. ज्यांचे रक्षण करावयाचे त्यांची असहायता अंशतः राज्यकर्त्यांनीच घडवलेली होती. कॉर्बेटच्या सिद्धांतालाही हा प्रश्न लागू पडतो. दहांपैकी नऊ नरभक्षक जखमांमुळे घडतात, पण जखमा कोणाच्या? काही साळिंदराच्या काट्यांच्या असतात. चंपावतच्या आणि ठाकच्या वाघिणींच्या देहांवर मात्र बंदुकीच्या गोळ्यांच्या खुणा सापडतात. म्हणजे ज्या रोगावर बंदूक हा उपाय सांगितला जातो, त्या रोगाचे एक कारणही बंदूकच आहे. संहिता ही गोष्ट प्रामाणिकपणे नोंदवते, परंतु त्या नोंदीचा माग काढत नाही. एरवी पुसट ठशाचाही माग न सोडणारा निवेदक येथे थांबतो.

धोक्याच्या वाटपाचा प्रश्न याहूनही मूलगामी आहे. उतारवयात स्वेच्छेने पत्करलेला धोका हा गुण ठरतो; त्याच डोंगरात गवत कापायला, पाला तोडायला रोज जाणाऱ्या बाईचा धोका हा केवळ प्रसंग ठरतो. तिच्या हातात विळा असतो, तिला परतीची तारीख ठरवता येत नाही, आणि तिचे न जाणे म्हणजे गोठ्यातील जनावराचे उपाशी राहणे असते. कॉर्बेट तिच्या धैर्याचा गौरव मनापासून करतो, यात शंका नाही. परंतु कथा तिच्या मृत्यूनंतर सुरू होते. ठाकच्या खडकावरचे चार सोबतीही असेच आहेत. शिकाऱ्याइतकाच धोका त्यांनीही पत्करला आहे. त्यांच्या वाट्याला मात्र बोकड सांभाळणे आणि पडणाऱ्याला झेलणे आले आहे. वृद्ध शिकाऱ्याचे पडणे निर्धोक होते, कारण खाली त्यांचे देह होते. हे वाक्य रूपक म्हणून वाचावे लागत नाही. कथेत ते अक्षरशः घडते.

या संदर्भात विल्यम फॉकनरच्या 'डेल्टा ऑटम' या कथेशी तुलना उपयुक्त ठरते. १९४२ च्या 'गो डाउन, मोझेस' या ग्रंथात समाविष्ट असलेल्या या कथेत ऐंशीकडे झुकलेला आयझॅक मॅकॅस्लिन शिकारीच्या तळावर येतो. अरण्य आक्रसत गेले आहे आणि तो स्वतः तंबूत खाटेवर पडून आहे. त्याच्या नात्यातील तरुणाने सोडून दिलेली, कृष्णवर्णीय वंशाची स्त्री मूल घेऊन तेथे येते. अरण्याने ज्याला विनय शिकवला असे पूर्वीच्या कथांतून आपण मानत आलो, तो म्हातारा तिच्यापुढे वंशभेदाच्या जुन्या भयापलीकडे जाऊ शकत नाही. अरण्यातील शहाणपण माणसांच्या व्यवहारात उपयोगी पडत नाही, हे फॉकनर दाखवू शकतो, कारण त्याच्या कथेत म्हाताऱ्याकडे बाहेरून पाहणारा निवेदक आहे आणि त्याला उत्तर देणारी स्त्री आहे. कॉर्बेटच्या प्रथमपुरुषी कथनात अशी जागा नाही. तेथे साक्षीदार अनेक आहेत, परंतु साहेबाला प्रत्युत्तर देणारा कोणी नाही. हा फरक दोन लेखकांच्या नैतिकतेचा नसून दोन कथनरूपांच्या क्षमतेचा आहे.

मग कॉर्बेटच्या लेखनाला वार्धक्याचा अर्थ कधी गवसतच नाही काय? याचे उत्तर त्याच्या उत्तरकालीन लेखनात शोधावे लागते. बेथोव्हनच्या अखेरच्या रचनांविषयी लिहिताना आडोर्नोने १९३७ मध्ये आणि त्याचे सूत्र पुढे नेणाऱ्या एडवर्ड सैदने २००६ मध्ये मरणोत्तर प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात असे मांडले, की उत्तरकालीन शैली म्हणजे परिपक्व समन्वय नव्हे. तीत तडे असतात. १९५४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'द टेंपल टायगर'मधील तल्ला देशची कथा या दृष्टीने वाचावी. घटना १९२९ ची आहे. ती पुस्तकात आली पंचवीस वर्षांनी, कॉर्बेट भारत सोडून केनियात स्थायिक झाल्यावर. एका शिकारीत कानाजवळ जड रायफल झाडली गेल्यामुळे त्याच्या कानाला इजा झाली होती. त्या कानात गळू झालेले असताना तो नरभक्षक वाघिणीच्या मागावर निघतो. सुजेने एक डोळा झाकला जातो, कानाने काम करणे थांबवलेले असते आणि मागावर असतानाच गळू फुटते. ज्या साधनावर पूर्वीच्या सर्व कथा उभ्या होत्या तेच साधन येथे कथेचा विषय झाले आहे. दात, नखे, जखमा यांचे जे वाचन पशूच्या देहापुरते राखून ठेवले होते, ते आता शिकाऱ्याच्या देहाचे होते आहे. आणि ही जखमही बंदुकीचीच आहे. नरभक्षक कसा घडतो हे सांगणारा सिद्धांत येथे शिकाऱ्याला तंतोतंत लागू पडतो, फक्त निवेदक तसे म्हणत नाही.

कथकाचा अधिकार मृत्यूकडून येतो, असे वॉल्टर बेंजामिनने १९३६ च्या कथकावरील निबंधात म्हटले होते. कॉर्बेटचा अधिकार प्रारंभी दुसऱ्यांच्या मृत्यूंतून येतो, गावकऱ्यांच्या आणि श्वापदांच्या. मृत्यूच्या एक वर्ष आधी प्रसिद्ध झालेल्या या कथेत तो प्रथमच स्वतःच्या नश्वर देहातून येतो. त्यामुळे वसाहतवादी रचनेतून ही कथा मुक्त होते असे नाही. बाईच्या हातातील विळा अजूनही कथेच्या परिघावरच आहे. परंतु पशूच्या वार्धक्याला कारण आणि माणसाच्या वार्धक्याला कर्तृत्व मानणारी जी विभागणी या लेखनाने सुरुवातीपासून सांभाळली होती, ती येथे टिकत नाही. शिकारीही जखमी आहे, उतारवयाचा आहे, आणि जुन्या सवयीने माग काढत निघाला आहे. अशा जनावराला गावाने काय म्हटले असते, हे त्याच्या वाचकाला एव्हाना ठाऊक असते.