शोध-आज्ञांची तुलना: वेळेआधी उत्तर तपासा

डेटाबेसच्या प्रात्यक्षिकांत नोंद शोधणाऱ्या आज्ञांची तुलना हा ठरलेला प्रयोग असतो. एक टेबल, दोन-तीन सिलेक्ट आज्ञा, प्रत्येकीला लागलेला वेळ आणि निष्कर्ष: ‘इंडेक्स वापरणारी आज्ञा जलद, म्हणून चांगली.’ प्रयोगाची ही मांडणी अपुरी आहे.

झाशीचेच उदाहरण घेऊ. येथील रेल्वे स्थानकाचे नाव ‘वीरांगना लक्ष्मीबाई झाशी’ असे करण्यात आले. पुढे कोडही ‘जेएचएस’ऐवजी ‘व्हीजीएलजे’ झाला. समजा, स्थानकांच्या टेबलात फक्त नवीन नाव व कोड आहेत आणि दोन्ही स्तंभांवर बी-ट्री इंडेक्स आहे. आता तीन अटी पाहा.

१. कोड = 'जेएचएस': इंडेक्समधून थेट शोध. नोंद मिळत नाही.

२. नाव लाइक 'झाशी%': सुरुवातीची अक्षरे दिलेली असल्याने इंडेक्स उपयोगी पडतो. पण नाव आता ‘वी’ने सुरू होते, म्हणून स्थानक निसटते.

३. नाव लाइक '%झाशी%': सुरुवात ठाऊक नाही. शब्दकोशात मधल्या अक्षरांवरून शब्द शोधण्यासारखेच हे. सर्व नावे तपासावी लागतात. वेळ सर्वाधिक, पण स्थानक सापडते.

वेळेच्या तक्त्यात तिसरी आज्ञा शेवटची येईल. प्रवाशाच्या उपयोगाची मात्र तीच आहे. ज्या आज्ञांची उत्तरे वेगळी, त्यांच्या वेगाची तुलना निरर्थक ठरते.

दुसरा आक्षेप आकाराचा. भारतातील स्थानके सात हजारांहून थोडी अधिक. एवढ्या नोंदी मेमरीत सहज मावतात. तिथे पूर्ण टेबल वाचले तरी वापरणाऱ्याला फरक जाणवत नाही. एक कोटी नोंदी असतील तर गोष्ट वेगळी. बी-ट्रीच्या एका पानात २०० किल्ल्या धरल्या, तर चार पातळ्यांत १६० कोटी किल्ल्या मावतात. म्हणजे चार पाने वाचून जे काम होते, त्यासाठी पूर्ण वाचनात कोटभर नोंदी तपासाव्या लागतील.

तिसरा आक्षेप मोजणीचा. तीच आज्ञा दुसऱ्यांदा चालवली की पाने आधीच मेमरीत असतात आणि वेळ घटतो. एकाच मोजणीवर निष्कर्ष काढू नये.

म्हणून क्रम असा ठेवावा: आधी उत्तरे जुळतात का ते पाहा, मग एक्सप्लेनने शोधाचा मार्ग पाहा, शेवटी वेळ मोजा. वेग आणि अचूकता दोन्ही हवी असल्यास जुन्या नावांचे व कोडचे स्वतंत्र टेबल करून त्यावर इंडेक्स ठेवावा. इथे सुधारणा आज्ञेत नव्हे, टेबलाच्या रचनेत करावी लागते.